सातव्या घराचा तिसरा तुकडा

अख्तरबीनं उभ्या जन्मात पुणं पाहिलं नव्हतं. माहेर सातारा, राहणं सांगलीत, लेक दिलेली कराडला, संपली दुनिया. पण जर्मनीतल्या एका गावातली एक गल्ली तिला अशी पाठ होती, की डोळ्यांवर पट्टी बांधून पुलापाशी सोडली असती तरी कुणाच्या उंबऱ्याला न अडखळता ती दुसऱ्या टोकाला पोचली असती. गावाचं खरं नाव क्रुमेनबाख. अख्तरबीच्या तोंडात त्याचं कुरमनबाग झालं. स्वतः सांगलीच्या विश्रामबागेत राहणारी बाई, तिकडच्या गावाला बाग म्हणायला तिची जीभ कशाला अडखळेल?

पूल ओलांडला की पहिलं घर मोरित्स खाटकाचं. घरात तो, त्याची बायको फान्नी आणि बहिरी आई. दुसरं साली नावाच्या कापडवाल्याचं. तिसरं मास्तरांचं, त्याला लागून यहुद्यांचं प्रार्थनाघर. पायऱ्या पाच, त्यातली तिसरी फुटकी. असं करत करत अकरा घरं आणि अकरा घरांत एकेचाळीस माणसं. सगळी यहुदी, आणि सगळी मेलेली. त्यातलं एकही माणूस अख्तरबीनं बघितलं नव्हतं, फोटोतसुद्धा नाही. तरी दर शुक्रवारी दिवस कलला की ती त्यांना घास घालत होती, आणि तेही एक-दोन नव्हे, सत्तावीस वर्षं.

आता ही बाई कुठली, ते गाव कुठलं आणि दोघांची गाठ पडली कशी, हे सांगायलाच पाहिजे. नाहीतर तुम्ही म्हणाल, बाईचं डोकं फिरलं होतं. तसं म्हणणारेही होते म्हणा.

साताऱ्यात तिच्या बापाची, शमशेरभाईची, पावाची भट्टी होती. दुसऱ्या लढाईच्या दिवसांत इंग्रज सरकारनं इकडं सापडलेली जर्मन माणसं गोळा केली आणि त्यांतली काही साताऱ्यात आणून नजरेखाली ठेवली. त्यांतच होती डॉक्टर हेर्टाबाई. तिकडं तिला यहुदी म्हणून दवाखाना बंद करायला लावला, म्हणून देश सोडून आली. इथं इंग्रजांनी जर्मन म्हणून धरली. बाईनं जायचं तरी कुठं? पहिल्याच शुक्रवारी ती पोलिसाला बरोबर घेऊन भट्टीवर आली आणि हातवारे करून सांगू लागली, पाव पाहिजे, पण वेणी घातलेला. शमशेरभाई म्हणाला, "पावाला येणी? मग गजरा बी माळायचा का?" अख्तरबी तेव्हा बावीस वर्षांची. ती भट्टीशी पीठ मळत होती. तिनं पिठाच्या तीन वळकट्या केल्या, स्वतःच्या केसांची घालायची तशी तिपेडी घातली आणि बाईपुढं धरली. हेर्टाबाई त्या पिठाकडं बघत राहिली आणि भर भट्टीत ढसाढसा रडली. त्या दिवसापासून दोघी एकमेकींना जोडल्या त्या जोडल्याच.

लढाई संपली. बाईला मोकळीक मिळाली तशी तिनं सांगलीला विश्रामबागेत एका लहानशा बंगलीत दवाखाना काढला. अख्तरबीचा नवरा रहिमान टांगा हाकायचा. तोही टांगा-घोड्यासकट सांगलीला आला आणि मागच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड थाटलं. बाई बाळंतपणं करायची, अख्तरबी घर बघायची. यहुद्यांचा सुट्टीचा पवित्र वार शुक्रवारच्या सांजेला लागतो, म्हणून शुक्रवारी वेणीचा पाव भाजायचा, दिवस मावळायच्या आत बाईनं दोन मेणबत्त्या लावायच्या, हे ठरलेलं.

मग शेहेचाळीस साली ते पत्र आलं. कुठल्याशा कचेरीचं, टाइप केलेलं, चार ओळींचं. तुम्ही ज्यांची चौकशी केली त्या गल्लीतलं कोणी उरलेलं नाही. बस्स. बाईनं पत्र वाचलं, सदऱ्याची कड टरकन फाडली आणि खाली जमिनीवर बसली. सात दिवस उठली नाही; तिच्या लोकांत सुतक असंच धरतात. आरशावर चादर टाकली होती. दवाखान्याच्या दारातनं बाया परत जात होत्या. अख्तरबी समोर बसून चमच्यानं पेज भरवायची.

सातव्या दिवशी बाई बोलली. मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "अख्तर, एवढे माणसं, आणि एक पण कबर नाही. मी कुठे जाऊन उभी राहू?"

ह्याचं उत्तर दिलं ते शेजारच्या बनुबाईनं. बनुबाई म्हणजे दूध घालायला येणारी, उसाच्या रानातली खमकी बाई. तिचा नवरा त्याच साली गेला होता आणि नदीच्या घाटावर त्याच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, म्हणून सगळे तीन तास ताटकळले होते. शेवटी बनुबाईनं मोठ्यानं सांगितलं, "धाकल्या पोराला शाळेत घालते, म्हशी इकत न्हाई!" तसा कावळा शिवला होता. ती म्हणाली, "आवं बाई, कबर नसली म्हून काय झालं? घास ठेवा. ज्याचं त्याचं मानूस येतंया."

हेर्टाबाई शिकलेली डॉक्टरीण. "कावळा भुका असतो, म्हणून खातो," ती म्हणाली. पण नको म्हणाली नाही.

पुढच्या शुक्रवारी मागच्या अंगणातल्या कंबरेएवढ्या भिंतीवर पहिली ओळ मांडली गेली. बाई खुर्चीत बसून एकेक नाव सांगायची, पुलापासून, घरामागून घर, आणि अख्तरबी नावागणिक वेणीच्या पावाचा एक तुकडा भिंतीवर ठेवायची. बाईच्या लोकांची दुवा तिला येत नव्हती, म्हणून तिनं आपला फातिहा म्हटला. रहिमान कुरकुरला, "ह्या लोकांचा फातिहा पढायला तुला कुनी सांगितलंया?" तर म्हणाली, "मेलेल्याला घास घालायला परवाना लागतोय का?" रहिमान घोड्याला चारा घालायला निघून गेला. बायकोपुढं त्याचं कधीच चालायचं नाही.

कावळे आले. मोरित्स गेला, फान्नी गेली, साली गेला. बघता बघता भिंत मोकळी झाली. एक तुकडा सोडून.

सातव्या घराचा तिसरा. सातवं घर यूलिउसचं, गुरांचा व्यापारी. त्याची बायको रोझा. तिसरा एरिक, त्यांचा मुलगा, बाईच्याच हातावर जन्मलेला आणि तिनं गाव सोडलं तेव्हा दोन वर्षांचा. त्याच्या तुकड्याला कावळा शिवला नाही.

योगायोग म्हणून सोडून द्यावं, तर पुढच्या शुक्रवारी तेच. त्याच्या पुढच्याही. बाई खवळली. तिनं तपासायचं ठरवलं, डॉक्टरच ती. एरिकचा तुकडा भिंतीच्या टोकाला ठेवून बघितला, त्याला लोणी लावून बघितलं, गूळ लावून बघितला. बाकीचे चाळीस फस्त आणि तो तसाच. आणि खरी भीती वाटावी अशी गोष्ट तर पुढंच आहे. कावळे त्या तुकड्याकडं जात नव्हते असं नाही. एक कावळा त्यांना जाऊ देत नव्हता. तो सगळ्यांत आधी उतरायचा, एरिकच्या शेजारचा तुकडा उचलायचा आणि मग तिथंच, एरिकच्या तुकड्याला पाय लावून उभा राहायचा. दुसरा कोणी जवळ आला की मान खाली घालून अंगावर जायचा. स्वतः मात्र त्या तुकड्याला चोच लावत नव्हता. आत मेणबत्त्या लागल्या की अंगणातल्या चिंचेवरनं उडून जायचा.

कावळा काय सत्तावीस वर्षं जगतो? नाही जगत. अख्तरबीलाही ते कळत होतं. पण ओळ मांडली की एक कावळा तिथं तसाच उभा असायचा, तीच मान, तीच ऐट. अंगणात उन्हं असायची, रस्त्यावरनं उसाच्या गाड्या जायच्या, शेजारी रेडिओ चालू असायचा, आणि तिच्या हातावर मात्र सर्रकन काटा यायचा.

बनुबाईनं निकाल देऊन टाकला. "पोराची काय तरी इच्छा राहिलीया." मग काय, दोघींनी त्या मेल्या पोराला काय काय कबूल केलं, ऐकलंत तर हसाल. भिंतीपुढं उभं राहून बनुबाई ओरडायची, "एरिका, तुला जत्रंतली पिपाणी आनते रं बाबा! तुज्या नावानं वासरू सोडते!" अख्तरबी म्हणायची, "तुज्या आईबापाला रोज दुवा देते, राजा, खा." एकदा तर हेर्टाबाई स्वतः उठून भिंतीपाशी गेली आणि तिच्या भाषेत, अगदी हळू, दहा-पंधरा मिनिटं काहीतरी बोलत राहिली. कावळ्यानं मान वाकडी करून ऐकून घेतलं आणि जागचा हलला नाही.

एकोणसत्तर साली बाई गेली. जायच्या आधी तिनं अख्तरबीकडनं पुन्हा पुन्हा गल्ली म्हणवून घेतली. लिहू दिलं नाही. "लिहिलेलं जाळतात," म्हणायची, "मी बघितलं आहे." शेवटच्या दिवशी तोंडातनं शब्द फुटत नव्हता, तरी अख्तरबीचं मनगट धरून म्हणाली, "एरिकचं बघ." अख्तरबीनं कुराणाची शपथ घेतली, की त्या तुकड्याला कावळा शिवेपर्यंत मी ही भिंत सोडायची नाही.

बाई गेल्यावर अख्तरबी एकटी पडली. शुक्रवारच्या मेणबत्त्याही आता तीच लावायची. रहिमान त्याआधीच गेला होता. आणि मग काही बाबतींत तिचं तिलाच भ्यायला व्हायला लागलं. गणपती पेठेत बाजाराला गेली, की कोपरा वळताना वाटायचं, आता पूल लागेल. सकाळी झाडता झाडता बहिऱ्या म्हातारीला हाक मारल्यासारखा आवाज मोठा व्हायचा. आणि ती प्रार्थनाघराची फुटकी पायरी! ती बाईनं सांगितली होती, का आपल्याला आपलीच ठाऊक झाली? कितीही आठवलं तरी बाईच्या तोंडून ते वाक्य निघाल्याचं तिला आठवत नव्हतं.

चौऱ्याहत्तर सालच्या माघात बंगलीच्या नव्या मालकाचा माणूस येऊन सांगून गेला. शिमगा झाला की जागा मोकळी करायची, पाडून मोठी इमारत होणार. महेजबीन, तिची कराडची लेक, म्हणाली, "अम्मी, आता बास झालं. चला घरला." अख्तरबीनं बोटं मोजली. हातात चार शुक्रवार होते. भिंत पडणार आणि सातव्या घरचं पोर उपाशीच राहणार. शपथ मोडणार. त्या विचारानं तिला अन्न गोड लागेना.

त्या चारांतल्या पहिल्याच शुक्रवारी, दुपार कलताना, तो साहेब आला.

टांग्यातनं उतरला, चाळिशीच्या आतबाहेरचा, किडकिडीत, हातात टोपी. बरोबर भाऊसो. हा बनुबाईचा भाऊ, पलटणीतनं निवृत्त झालेला सुभेदार. इटलीत जर्मनांशी लढून आल्यामुळं गोऱ्यांशी बोलायचा मक्ता सगळ्या विश्रामबागेत त्याच्याकडंच होता.

"अख्तरबी, ह्ये वॉल्टन साहेब," भाऊसो म्हणाला. "इलायतेत शाळामास्तर हायती. आपल्या हेर्टाबाईला शोधत आल्यात. मी सांगिटलं, बाईला जाऊन पाच वर्सं झाली."

साहेब भिंतीवरच्या थाळीकडं बघत होता. थाळीत ताजा वेणीचा पाव होता.

भाऊसोनं चौकशी करून सांगितलं ते असं. बाईच्या गावात आता एक दगड बसवणार होते, मारल्या गेलेल्या यहुद्यांच्या नावांचा. साहेब ती नावं गोळा करत होता. बाईबरोबर साताऱ्याला असलेल्या एका म्हाताऱ्यानं त्याला सांगलीचा पत्ता दिला. बाईनं मागं काही कागदपत्रं ठेवली आहेत का?

"कागूद न्हाई," अख्तरबी म्हणाली. "मला पाठ हाय."

साहेबानं खिशातनं यादी काढली. तिकडच्या नगरपालिकेची, एकोणचाळीस नावांची.

अख्तरबीला राग आला. "एकुणचाळीस? कुनी सांगिटलं? एकेचाळीस! त्येला म्हणावं, सत्तावीस वर्सं मी वाढतीया. दोन मानसं कुनी खाल्ली तुमच्या कचेरीनं?"

भाऊसोनं ते सौम्य करून सांगितलं असावं. साहेब म्हणाला, सांगा, मी खुणा करतो.

अख्तरबीनं पदर डोक्यावर घेतला, पाव मोडला आणि पुलावर पाय ठेवला. मोरित्स. फान्नी. तिची जीभ चालत होती, हात तुकडे ठेवत होता, साहेबाची पेन्सिल खुणा करत होती. मास्तर झाले. ती वाटेत बोलून गेली, "हितं पायऱ्या पाच, तिसरी फुटकी हाय." भाऊसोनं तेही सांगितलं. साहेबानं चटकन वर बघितलं आणि त्याचा हात आपसूक हनुवटीकडं गेला. तिथं लहानपणी पडून घातलेल्या टाक्याची खूण होती.

सातवं घर आलं. "यूलिउस." खूण. "रोझा." खूण.

"एरिक."

पेन्सिल थांबली. त्याच क्षणी कावळा उतरला. सत्तावीस वर्षांत तो ओळ पुरी झाल्याशिवाय कधी आला नव्हता. तो आला आणि एरिकच्या तुकड्याला पाय लावून उभा राहिला.

साहेबाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तो भाऊसोला काहीतरी म्हणाला. भाऊसोनं दोनदा विचारून घेतलं आणि मग कपाळावरचा घाम पुसला.

"अख्तरबी," तो म्हणाला, "त्यो म्हंतोय, एरिक त्योच हाय."

अख्तरबीनं भिंत धरली. भाऊसो सांगत होता आणि तिला ते लांबून ऐकू येत होतं. चार वर्षांचा असताना आईबापानं त्याला दुसऱ्या पोरांबरोबर आगगाडीत बसवून दिलं. इंग्लंडातल्या माणसांनी पोटच्यासारखं सांभाळलं, नाव बदललं. तो मेला नव्हताच. कधीच नव्हता. आणि आपण? आपण जित्या पोराचा घास मेलेल्यांच्या पंगतीत ठेवला, एक वर्ष नव्हे, सत्तावीस! पिपाणी कबूल केली, वासरू कबूल केलं, खा म्हणून हात जोडले! कावळा शिवला असता तर?

"त्येला आजार-बिजार काय हाय का, इचार," ती कशीबशी म्हणाली. "आधी त्ये इचार."

साहेब म्हणाला, आजार नाही. फक्त शुक्रवारी दिवस कलला की पोटात खड्डा पडतो. लहानपणापासून. कितीही खाल्लं तरी भरत नाही. डॉक्टर दाखवून झाले, काही सापडत नाही.

बनुबाई दुधाची घागर घेऊन आली होती, ती मटकन ओट्यावर बसली.

अख्तरबीनं पुढचं नाव घ्यायला तोंड उघडलं, तर साहेबानं हात वर केला. थांबा. आणि तो बोलायला लागला, भरभर, भाऊसोकडं न बघता, थेट अख्तरबीकडं बघून.

"त्येला गावातलं फकस्त एकच याद हाय," भाऊसोचा आवाजही आता हळू झाला होता. "एक पोरगी. तिनं त्येचा हात धरलावता, ठेसनापतोर. ह्येला इंजिन बघायचं हुतं, म्हून ह्येनं हात हिसडला. मग गर्दीत ती घावलीच न्हाई. पर कुठल्याबी कागदात तसली पोरगी न्हाई. भन न्हवती, शेजारीन न्हवती. सगळी म्हंत्यात, तुज्या मनाचा ख्योळ हाय. पस्तीस वर्सं झाली. त्यो म्हंतोय, यादीत न्हाईत अशी दोन मानसं, त्यातला एक मी; मग दुसरं कोन? माज्या फुडं कोन हाय?"

अख्तरबीनं डोळे मिटले. एरिकच्या पुढं... एरिकच्या पुढं...

काही नाही. कोरी भिंत.

जे नाव हजारदा घेतलं ते धक्क्यानं पुसलं गेलं होतं. गल्ली तिला मधनं कुठनंही येत नव्हती. चालायचं तर पुलापासून. ती परत फिरली. मोरित्स, फान्नी...

"आगं, पर त्येचं नाव नगं घिऊस!" बनुबाई किंचाळली. "जित्या मानसाचं नाव मेल्यांच्या वळीत? कळून-सवरून?"

खरंच होतं ते. नकळत घेतलं ती गोष्ट वेगळी. अख्तरबीनं एरिकला गाळून बघितलं. यूलिउस, रोझा... आणि गाडी थांबली. पुन्हा पुलापासून. यूलिउस, रोझा... पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर रोझापाशीच जीभ अडखळली. दिवस खाली चालला होता. साहेब समोर उभा होता, सगळा जीव तिच्या ओठांवर ठेवून. कागदात नाही, माणसांत नाही; ती पोरगी ह्या दुनियेत कुठं असेल तर फक्त ह्या म्हातारीच्या डोक्यात, आणि तिथंही ती आता विझत होती. अख्तरबीला रडू फुटलं. "या अल्ला, बाई, मला माफ करा," ती म्हणाली, "मला येत न्हाई हो."

कावळा तुकड्याला पाय लावून उभाच होता. मान वाकडी करून तो साहेबाकडं बघत होता. भाऊसोकडं नाही, अख्तरबीकडं नाही. साहेबाकडं.

आणि अख्तरबीला कळलं, काय करायचं ते. तिनं डोळे पुसले. "भाऊसो, त्येला सांग, आपला घास उचल."

"कावळा चोच मारंल की!"

"न्हाई मारनार. सांग तू."

साहेबानं भीत भीत हात पुढं केला. कावळ्यानं पंख उचलले नाहीत, चोच उघडली नाही. तो एक पाऊल बाजूला सरला, तेवढंच. साहेबानं तुकडा उचलला. अख्तरबी पुन्हा पुलावर गेली, घराघरातनं चालत आली. यूलिउस, रोझा. मग तिनं मेलेल्याचं नाव घेतात तसं नाही, अंगणात खेळणाऱ्या पोराला जेवायला बोलावतात तशी खणखणीत हाक मारली, "एरिक!"

आणि त्यानं तुकडा तोंडात घातला.

"लेनी," अख्तरबी म्हणाली. जीभ आपोआप पुढं गेली होती. "लेनी! या अल्ला, लेनीच की! आईबापाबिगर पोरगी, कुठल्या लांबच्या गावची. रोझानं सैपाकघराच्या माळ्यावर झोपायला जागा दिलीवती. तिला कागूदपत्र न्हवतंच काय. तू जलमलास तवा बाईम्होरं दिवा धरून हीच हुबी हुती, आठ-नऊ वर्साची. बाई सांगायची, एरिकला कडंवरनं कवा खाली ठेवलं न्हाई तिनं. लय जपायची तुला."

भाऊसोला ते सांगवेना. इटलीत लढलेला माणूस, पण बाहीनं डोळे पुसले. तुकड्या-तुकड्यानं सांगितलं त्यानं. साहेब ऐकत होता आणि तोंडातला घास चावायचं विसरला होता. मग तो लहान पोरासारखा मोठ्यानं रडायला लागला.

अख्तरबीनं लेनीचा तुकडा भिंतीवर ठेवला, एरिकच्या रिकाम्या जागेशेजारी. कावळ्यानं तो उचलला. या खेपेला तो थांबला नाही. राखायला आता काही उरलं नव्हतं. मेणबत्त्या लागायला अजून वेळ होता, तरी तो उडाला आणि चिंचेवरनं पलीकडं गेला.

"आगं अख्तर," बनुबाई हळूच म्हणाली, "आपुन म्हंत हुतो पोराची इच्छा राहिलीया. ती पोरगी त्येचा घास राखत हुबी हुती गं. एवढी वर्सं."

पुढची चार घरं राहिली होती. ती अख्तरबीनं पुरी केली. अर्ध्यावर सोडून चालणार होतं का? साहेबानं कागदावर चाळिसावं नाव लिहिलं आणि पेन्सिल ठेवून दिली.

तो आठ दिवस सांगलीत राहिला. रोज सकाळी येऊन अंगणात बसायचा. अख्तरबीनं त्याला कागद-पेन्सिल हातात धरू दिली नाही. बाईची शिस्त म्हणजे शिस्त. ती भाऊसोकरवी त्याच्याकडनं गल्ली पाठ करून घेत होती. भिंत पडणार होती, ती कराडला जाणार होती, आज ना उद्या तीही जाणार होती. पण घास घालणारं माणूस मागं राहत होतं. पुढच्या शुक्रवारी ओळीत चाळीस तुकडे ठेवले आणि चाळीसही गेले. साध्यासुध्या कावळ्यांनी, भांडत, कलकलाट करत खाल्ले. तो कावळा काही दिसला नाही.

साहेब हुशार, पण सातव्या घरापाशी यायचा की अडायचा. यूलिउस, रोझा, आणि मग गप. स्वतःचं नाव तोंडातनं निघेना. डोळे भरून यायचे, पुढचं सगळं विसरायचा. जायच्या दिवशी टांगा दारात उभा होता तरी तेच. भाऊसो कंटाळून म्हणाला, "जाऊ द्या की, अख्तरबी. लागंल हळूहळू."

अख्तरबीनं पदराखालनं फडक्यात बांधलेला वेणीचा पाव काढला, त्याच्या हातात कोंबला आणि म्हणाली, "त्येला नीट सांग, भाऊसो. आपल्या घरापाशी आलं की थांबायचं न्हाई. तिथं घास खायाचा, आन फुडं चालायचं. लेनी वाट बघतीया."